चिरंजीव



माझ्या आईचे साताऱ्याहून पत्र आले की त्यात माझ्या मुलाच्या नावाआधी 'चि.' असायचे. लहान असताना त्याने विचारले होते, "चि. म्हणजे काय?" मी म्हटले, "चिरंजीव. ज्याला मरण नाही तो." स्वारी एकदम खूश! आता तो कॉम्प्युटरच्या क्षेत्रात नोकरी करतो, आणि गेल्या दिवाळीत त्याने तोच शब्द पुन्हा माझ्यापुढे आणून ठेवला.

झाले असे, की कपाट आवरताना आईची जुनी कॅसेट सापडली. १९९७ साली तिने हरिपाठ म्हणून, टेप करून पाठवली होती. मध्येच कुकरची शिट्टी आहे, आणि "गॅस बंद कर गं" हे वहिनीला सांगणेही आहे. आई २००९ साली गेली. मी इथून पोचेपर्यंत सगळे आटोपले होते. आपल्यापैकी कितीतरी घरांनी हे सोसले आहे, तेव्हा अधिक सांगायला नको.

मुलगा म्हणाला, "आई, ही कॅसेट आणि आजीची पत्रं मला दे. त्यावरून आजीचा आवाज, तिची बोलण्याची ढब कॉम्प्युटरवर तयार करता येईल. तू रोज बोल तिच्याशी." मोह झाला नाही म्हटले तर खोटे ठरेल.

त्यानेच मला रे कर्झवाईल यांच्याविषयी सांगितले. १९७६ साली अंधांना छापील मजकूर वाचून दाखवणारे यंत्र काढणारा हा संशोधक. २०४५च्या सुमारास माणसाची आणि यंत्राची बुद्धी एकत्र येऊन माणूस आजच्या मर्यादा ओलांडेल, असे त्यांनी २००५ सालच्या पुस्तकात लिहिले. त्यांचे वडील संगीतकार होते. १९३८ साली नाझींमुळे व्हिएन्ना सोडून अमेरिकेत आले आणि १९७० साली हृदयविकाराने गेले. मुलाने त्यांची पत्रे, कागदपत्रे खोकी भरभरून जपली आणि पुढे त्यावरून वडिलांसारखी उत्तरे देणारा प्रोग्रॅम करवून घेतला. कर्झवाईल यांची कन्या एमी यांनी त्यावर २०२३ साली चित्रमय पुस्तकही काढले. हे वाचल्यावर मला हसू आले नाही. परदेशी आलेल्या बापाची खोकी जपणारा मुलगा आपल्याला परका कसा वाटेल?

या वाटेवर आणखी पुढे गेलेलेही आहेत. १९६७ साली कॅलिफोर्नियात जेम्स बेडफर्ड नावाच्या प्राध्यापकांचा देह मृत्यूनंतर गोठवून ठेवण्यात आला. पुढे कधी विज्ञान उठवील या आशेवर तो अजून तसाच आहे.

मी मुलाला म्हटले, "अरे, आपल्याकडे अश्वत्थामाही चिरंजीवच. पण कपाळावरची जखम घेऊन तेल मागत हिंडतो. मरण नसणे हा त्याला शाप आहे." तो कसला ऐकतोय! "मग आजीचा पेसमेकर देवाने बसवला होता का? आणि कॅसेट हे तंत्रज्ञान नाही का?" मुद्दा बिनतोड होता. पेसमेकरमुळे आई आम्हाला सात वर्षे जास्त लाभली, हे मी कशी विसरू?

शिवाय माणूस आहे तिथेच थांबणार नाही, हे आपल्याकडेही सांगितले गेले आहे. मानव हा उत्क्रांतीचा शेवट नव्हे, असे श्री अरविंद म्हणत. त्यांचा मार्ग मात्र योगसाधनेचा होता.

मग फरक कुठे? मला वाटते, 'मी'पाशी. यंत्राच्या वाटेने जाणाऱ्याला आपला 'मी' आहे तसा टिकवायचा आहे. भक्ताला तो विठ्ठलाच्या पायी ठेवायचा आहे. ज्ञानेश्वरांनी १२९६ साली, अवघ्या एकविसाव्या वर्षी आळंदीला समाधी घेतली. आयुष्य वाढवून मागितले नाही. पसायदानात मागितले ते विश्वासाठी. तुकोबांना तर मोक्षाचीही ओढ नव्हती. संतसंग मिळणार असेल तर पुन्हा जन्माला यायची त्यांची तयारी होती. आई दर संध्याकाळी हरिपाठ म्हणायची तो काही मिळावे म्हणून नव्हे. तिला त्यातच सारे मिळत होते.

शेवटी मी मुलाला कॅसेट दिली, पत्रे दिली नाहीत. म्हटले, "कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून ठेव, खराब होत चालली आहे. पण आजी जे बोलली तेवढेच राहू दे. जे ती कधी बोललीच नाही, ते तिच्या तोंडी घालू नकोस." तो जरा हिरमुसला. "आजीला आवडलं असतं कदाचित," म्हणाला. असेलही! तिला विचारायचे राहून गेले.

कॅसेट त्याने सुरेख स्वच्छ करून दिली. कुकरची शिट्टीही काढणार होता. मी काढू दिली नाही. गेल्या एकादशीला आम्ही दोघांनी ती लावली. त्याला शब्द येत नाहीत, पण टाळ बरोबर धरला होता.

वाचकहो, तुम्ही काय केले असते? आपल्या मुलांशी बोलून पुढच्या अंकासाठी जरूर लिहा. मुलांनीही लिहावे, मराठी कच्चे असले तरी चालेल.