ग्रंथ अंधारात, वाचक उजेडात

कोणता माल हाताशी ठेवावा आणि कोणता वखारीत न्यावा, हा निर्णय प्रत्येक पेढीला घ्यावा लागतो. रोजचा उठाव असलेला माल गादीजवळ राहतो, क्वचित लागणारा वखारीत जातो आणि मौल्यवान वस्तूंची रवानगी तळघरातील तिजोरीत होते. विद्यापीठाच्या ग्रंथालयापुढेही हाच प्रश्न असतो; फरक एवढाच, की तेथील माल विकून संपत नाही. दरवर्षी नवे ग्रंथ येतात आणि जुने टाकून देता येत नाहीत. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात दोन विद्यापीठांनी जागेचा हा प्रश्न जमीन खोदून सोडविला. दोघांची कारणे मात्र अगदी निराळी आहेत.

मक्याच्या उन्हासाठी

शिकागोच्या दक्षिणेस सुमारे दोनशे किलोमीटरवर अर्बाना येथे इलिनॉय विद्यापीठ आहे. त्याच्या आवारात मध्यभागी मक्याचे एक लहानसे शेत आहे. ‘मॉरो प्लॉट्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या शेतात १८७६ पासून पिकांचे आणि मातीचे प्रयोग अखंड चालू आहेत. इतका दीर्घकाळ चाललेला असा शेतीप्रयोग अमेरिका खंडात दुसरा नाही. या शेताशेजारी पदवीपूर्व विद्यार्थ्यांसाठी नवे ग्रंथालय बांधावयाचे ठरले, तेव्हा उंच इमारतीची सावली पिकावर पडली तर नव्वद वर्षांच्या नोंदी निरुपयोगी ठरतील, ही अडचण पुढे आली. म्हणून १९६९ मध्ये ते ग्रंथालय दोन मजले जमिनीखाली उतरविण्यात आले. वाचकांना उजेड मिळावा यासाठी मधोमध आकाशाला खुले असलेले अंगण ठेवले गेले. एका प्रयोगाची वही अखंड राहावी म्हणून हजारो पुस्तके खाली गेली.

शिकागोतील पेच

शिकागो विद्यापीठाची अडचण वेगळी होती. तेथील मुख्य ग्रंथालय, रेगेन्स्टाइन, १९७० मध्ये उभे राहिले. ज्या जुन्या क्रीडांगणाच्या जागेवर ते उभे आहे, त्याच्या प्रेक्षागृहाखाली २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगातील पहिली नियंत्रित अणुसाखळी-प्रक्रिया घडवून आणली होती. पुढे तीनचार दशकांत या प्रचंड इमारतीतील फडताळेही भरत आली.

अशा वेळी बहुतेक मोठी विद्यापीठे वखारीचा मार्ग धरतात. हार्वर्डने १९८६ पासून शहराबाहेर पुस्तकांचे कोठार चालविले आहे. स्वस्त जमिनीवर साधी उंच इमारत बांधावयाची, क्वचित मागणी असलेले ग्रंथ तेथे पाठवावयाचे आणि मागणी आली की गाडीने आणावयाचे, अशी ही रीत. खर्चाच्या दृष्टीने ती चोख आहे. परंतु संशोधनाचे काम असे, की एका ग्रंथातील तळटीप दुसऱ्या ग्रंथाकडे नेते आणि दुसरा तिसऱ्याकडे. प्रत्येक पावलाला एक दिवस थांबावे लागले, तर पुष्कळ धागे वाटेतच सुटतात. शिकागोच्या अध्यापकांनी आणि ग्रंथपालांनी म्हणूनच ग्रंथ आवाराबाहेर न पाठविण्याचा निर्णय घेतला. मोकळी जागा थोडी होती. मग खाली जाणे हाच उपाय उरला.

घुमटाखालची वखार

या योजनेस विद्यापीठाचेच माजी विद्यार्थी असलेल्या ज्यो व रिका मॅन्सुएटो या दांपत्याने अडीच कोटी डॉलरची देणगी दिली. म्युच्युअल फंडात गुंतवणूक करणाऱ्या आपल्या वाचकांना ‘मॉर्निंगस्टार’चे तारे परिचित आहेत, त्या संस्थेचे संस्थापक हेच ज्यो मॅन्सुएटो. एकूण खर्च सुमारे आठ कोटी दहा लाख डॉलर झाला. वास्तुविशारद हेल्मुट यान यांनी आराखडा केला आणि २०११ च्या मे महिन्यात ग्रंथालय खुले झाले.

जमिनीवर दिसतो तो केवळ एक लंबवर्तुळाकार काचेचा घुमट: २४० फूट लांब, १२० फूट रुंद आणि अवघा ३५ फूट उंच. पोलादी जाळीवर ६९१ काचा बसविलेल्या आहेत. उन्हाची तिरीप थोपविण्यासाठी या काचांवर बारीक ठिपक्यांचे आच्छादन आहे. आत १८० वाचकांची बैठक आहे, तसेच जीर्ण ग्रंथांची डागडुजी आणि त्यांच्या संगणकीय प्रती करण्याच्या कार्यशाळाही आहेत. बसलेल्या वाचकाला डोक्यावर आकाश दिसते आणि पायाखाली पन्नास फूट खोल ग्रंथकोठार असते.

कोठाराची क्षमता ३५ लाख ग्रंथांची आहे. तेथे माणसे वावरत नाहीत. उंच सांगाड्यांत सुमारे चोवीस हजार पेट्या रचलेल्या आहेत आणि पाच यांत्रिक क्रेन त्यांच्यामधून फिरतात. वाचकाने संगणकावर मागणी नोंदविली की क्रेन नेमकी पेटी वर आणते, कर्मचारी त्यातून ग्रंथ काढून देतो. या सर्वांस साधारणतः पाच मिनिटांहून कमी वेळ लागतो.

ग्रंथांची मांडणी मात्र विषयवार नाही. ती आकारानुसार आहे. समान उंचीची पुस्तके एका पेटीत, मग त्यांत शेजारी व्याकरण असो वा रसायनशास्त्र. यामुळे इंचभर जागाही वाया जात नाही आणि नेहमीच्या फडताळांच्या सातव्या हिश्शात तेवढेच ग्रंथ मावतात. कोणता ग्रंथ कोणत्या पेटीत, हे फक्त संगणकाची नोंदवही जाणते. ज्यांनी गोदाम सांभाळले आहे, त्यांना याचा अर्थ लगेच उमगेल: येथे माल शोधावयाचा तो वहीतून. वही चुकली तर माल असून नसल्यासारखा.

हिशेबाची दुसरी बाजू

या व्यवस्थेत एक नुकसान उघड आहे. फडताळापुढे उभे राहून हवे ते पुस्तक काढताना शेजारचे अनपेक्षित पुस्तक हाती लागण्याचा आनंद येथे नाही. पेटीतील ग्रंथ बोलावल्याशिवाय वर येत नाही, आणि ज्याचे नावच ठाऊक नाही त्याला बोलावणार कसे? ही हानी मर्यादित ठेवण्यासाठी विद्यापीठाने निवड विचारपूर्वक केली. नियतकालिकांचे बांधीव खंड, त्यातही ज्यांची प्रत संगणकावर वाचता येते असे, आणि मुळातच कुलूपबंद राहणारे दुर्मीळ संग्रह खाली गेले. चाळून पाहण्याजोगे ग्रंथ शेजारच्या रेगेन्स्टाइनमध्ये उघड्या फडताळांवरच राहिले. दोन्ही इमारती पुलासारख्या मार्गाने जोडलेल्या आहेत.

कागदाला मात्र हा अंधार मानवतो. ऊन, दमटपणा आणि तापमानातील चढउतार हे त्याचे वैरी. जैसलमेरच्या किल्ल्यातील जिनभद्रसूरि ज्ञानभांडाराच्या तळघरात ताडपत्रे शतकानुशतके टिकली, त्यामागे हाच जुना अनुभव आहे. ग्रंथाला अंधार, थंडावा आणि कोरडेपणा हवा, तर माणसाला उजेड. एकाच खोलीत दोघांना ठेवले की कोणाला तरी तडजोड करावी लागते. शिकागोने दोघांना वेगळे केले. पण अंतर पाच मिनिटांचेच ठेवले.

बँकेत जमाखर्च पाहताना आम्ही विचारत असू, की हा पैसा नेमका कशासाठी गेला. शिकागोच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे. दूरच्या वखारीतही ग्रंथ सुरक्षित राहिलेच असते. जो अधिक खर्च झाला तो जवळिकीसाठी झाला. ज्ञान सांभाळणे आणि ज्ञान हाताशी असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीची किंमत वेगळी मोजावी लागते. आपल्या घरोघरी, मंदिरांत आणि संस्थांच्या कपाटांत जे जुने ग्रंथ, हस्तलिखिते आणि वह्या जपून ठेवल्या आहेत, त्यांच्याविषयीही हाच प्रश्न विचारण्याजोगा आहे: त्या सुरक्षित आहेत हे ठीक, पण एखाद्या तरुणाने मागितल्या, तर त्या किती वेळात त्याच्या हाती पडतील?