महिना लिहिलास का?

दिवाळीच्या सुट्टीत धाकटी नात मळ्यात आली होती. तुरीच्या ओळींतून एक ससा टुणकन उडी मारून पळाला, मागोमाग दुसरा. तिनं लगेच वहीत टिपलं : ससे – दोन.

"छान! पण महिना लिहिलास का गं?" मी विचारलं.

"महिना कशाला, आजोबा? ससे तेच ना!"

"ये, बस अशी ओट्यावर. त्याचीच एक गोष्ट आहे."

बरं का, आपल्या बांधावरचा हा ससा बीळ खणत नाही. गवतात अंगापुरता खळगा करून दबून बसतो. त्याची पिल्लंही अंगभर केस आणि उघडे डोळे घेऊनच जन्माला येतात. बीळ खणतो तो त्याचा चुलत भाऊ. त्याचं मूळ गाव स्पेन-पोर्तुगाल. लोक पिंजऱ्यात पाळतात ते गुबगुबीत ससे याच रानातल्या भावाच्या वंशातले.

स्पेनच्या दक्षिणेला दोन्याना नावाचं रान आहे. तिथला पाऊस आपल्या अगदी उलटा. उन्हाळा कोरडा ठणठणीत, आणि पाऊस पडतो तो साधारण ऑक्टोबरपासून वसंत ऋतूपर्यंत. पहिल्या सरी आल्या की आठ-पंधरा दिवसांत जमीन हिरवी होते. हे कोवळं गवत पोटात गेलं की सशांचा विणीचा हंगाम सुरू होतो. म्हणजे त्यांचं पंचांग गवतावर लिहिलेलं! पाऊस लांबला तर हंगामही लांबतो.

आता एक ससुली डोळ्यांपुढे आण. महिनाभरात ती व्यायची असते. मुख्य वसाहतीपासून जरा बाजूला ती एक आखूड बीळ खणते, त्यात वाळलं गवत पसरते. मग स्वतःच्या पोटावरची लव दातांनी उपटते आणि गवतावर अंथरते. त्या उबेत चार-पाच पिल्लं जन्मतात. उघडीनागडी, डोळे मिटलेली, तुझ्या ओंजळीत मावतील अशी. आई रात्रीतून बहुधा एकदाच येते. जेमतेम चार-पाच मिनिटं दूध पाजते, बाहेर पडते आणि बिळाचं तोंड मातीनं लिंपून टाकते. कोल्ह्याला वास लागू नये, म्हणून ती दूर राहते.

"एकटीच राहतात पिल्लं? अंधारात?"

हो, बाळा. आईचं दूर राहणं हीच त्यांची राखण. आणि पिल्लं झाली त्याच दिवशी ही ससुली पुन्हा गाभण राहू शकते. दिवस वाईट आले, तर पोटातले गर्भ तिच्याच अंगात विरून जातात. दिवस चांगले असले, तर एका हंगामात तीन-चार वेळा वीण होते. कर बघू हिशेब. चार वेळा, दर वेळी चार पिल्लं?

"सोळा! मग सगळं रान सशांनी भरून जात असेल!"

मे-जून महिन्यात तसंच वाटतं. संध्याकाळी झुडपांच्या कडेला जिकडे पाहावं तिकडे कान. पण त्या रानात आयबेरियन लिंक्स नावाचं मोठं रानमांजर राहतं. कानांच्या टोकांना काळे झुबके, गालांना दाढी. त्याला रोज साधारण एक ससा लागतो. त्याची पिल्लं जन्मतात मार्च-एप्रिलच्या सुमाराला, सशांची बाळं बिळाबाहेर येत असतात तेव्हाच. पाऊस गवताला उठवतो, गवत सशाला उठवतं, आणि सशाच्या जिवावर लिंक्सचं घर चालतं.

मग उन्हाळा तापतो. गवत करपतं, वीण थांबते. डास आणि पिसवा सशांचा एक जीवघेणा रोग पसरवतात. रोगानं, उपासमारीनं आणि शिकारी प्राण्यांमुळे बहुतेक पिल्लं वर्षाच्या आत जातात. पुढच्या पावसाच्या तोंडाशी उरतात ते थोडेसेच. त्या थोड्यांवर पुन्हा सगळं उभं राहतं.

हा रोग तिथला मूळचा नव्हे. 1952 साली फ्रान्समध्ये एका माणसानं आपल्या आवारातले ससे हटवायला तो मुद्दाम सोडला. तो युरोपभर पसरला, पुढे दुसराही एक रोग आला आणि स्पेनमधले ससे झपाट्यानं घटले. त्यांच्यामागून लिंक्सही. रस्त्यांवरचे अपघात आणि शिकारीही होत्याच. या शतकाच्या सुरुवातीला जेमतेम शंभरच्या आसपास लिंक्स उरले होते. मग लोकांनी पिंजऱ्यात त्यांची वीण केली, ससे असतील अशी रानं निवडून त्यांना तिथं सोडलं, काही ठिकाणी आधी ससेच वाढवले. आज ते दोन हजारांवर गेले आहेत. लिंक्स वाचवायचा तर आधी ससा हवा, हे त्यांनी ओळखलं होतं.

आता सांग, त्या रानात एकानं जूनमध्ये ससे मोजले आणि दुसऱ्यानं ऑक्टोबरमध्ये. एक म्हणेल, ससे फार झालेत. दुसरा म्हणेल, ससे संपत आलेत. खोटं कोण बोलतोय?

नात थोडा वेळ गप्प बसली. "कुणीच नाही. पण दोघांनी एकाच महिन्यात मोजायला पाहिजे. मगच वाढले की घटले ते कळेल."

तिनं वही उघडली. 'ससे – दोन' या ओळीखाली महिना लिहिला, मग तारीख, मग मला विचारून मागचा पाऊस केव्हा पडला तेही. शेवटी एक ओळ रिकामी सोडली आणि तिच्यापुढे लिहिलं : पुढची दिवाळी.