मज्जातंतूंचा विकार आणि मथळ्याची जबाबदारी

बोरिवलीस गाडींत वाचलेला मथळा अंधेरी येईपर्यंत मताचें रूप घेतो. एखाद्याच्या अविचारी कृत्याच्या वृत्तांत त्याच्या ‘मल्टिपल स्क्लेरॉसिस’चा निष्कारण उल्लेख आला, कीं तो विकार वाचकाच्या मनांत वेडाचा प्रकार ठरतो. वस्तुतः १८६८ सालीं शार्को या फ्रेंच डॉक्टरानें वर्णिलेला हा रोग मज्जातंतूंचा आहे. विजेच्या तारेवरील वेष्टण झिजावें, तसें मेंदू व पृष्ठरज्जू यांतील तंतूंवरचें मायेलिन शरीराच्याच प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यानें नष्ट होतें. दृष्टि मंदावते, पाय अडखळतात. कित्येक रुग्णांना खिन्नता जडते, हें खरें. पण खिन्नता म्हणजे हिंसा नव्हे, आणि मानसिक आजार हीही लाजेची गोष्ट नव्हे. भारताच्या २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क कायद्यानें हे दोन्ही निरनिराळे गणले आहेत. रुग्णांच्या साहाय्यार्थ १९८५ सालीं मुंबईंतच मल्टिपल स्क्लेरॉसिस सोसायटी ऑफ इंडिया स्थापन झाली. तरीही मुलुंड-घाटकोपरच्या चाळींतील रुग्ण शेजाऱ्यांच्या नजरेला भिऊन दुखणें लपवूं लागला, तर उपचार लांबतो आणि टळण्याजोगें अपंगत्व वाढूं शकतें. म्हणून रोगाचें नांव छापण्यापूर्वीं संपादकानें एवढेंच विचारावें: या कृत्याशीं त्याचा संबंध कोणत्या डॉक्टरानें सांगितला?