बेअरिंग ओतताना
मिशिगनमधल्या ग्रँड रॅपिड्सच्या ऑलिव्हर आणि टॅनविट्झ या कंपन्यांचे जुने बँडसॉ आजही लाकूड कापतात. माणसाच्या उंचीहून मोठा बिडाचा सांगाडा, तीन फूट व्यासाची दोन चाकं आणि त्यांवरून फिरणारं अखंड पातं. बीड कंप जिरवतं, आणि हा सांगाडा सहसा शाबूत असतो. झिजतात ती बेअरिंग.

जुन्या यंत्रांत बऱ्याचदा बॅबिटची बेअरिंग असतात. आयझॅक बॅबिटने 1839 मध्ये शोधलेला हा मिश्रधातू मुख्यतः कथलाचा, त्यात थोडं अँटिमनी आणि तांबं. दुरुस्तीत जुना धातू काढून नवा थेट शाफ्टभोवतीच ओततात. शाफ्टला आधी काजळी धरवायची, म्हणजे धातू चिकटत नाही. मग शाफ्ट आणि बेअरिंगचं घर दोन्ही चांगली तापवायची. ही पायरी कधीही गाळू नये: आत जरा जरी ओल राहिली तर तिची क्षणात वाफ होते आणि वितळलेला धातू अंगावर उडतो. पाइनची काडी धातूत बुडवून ती करपली, पण पेटली नाही, की एका दमात ओतायचं. थांबलात तर सांधा राहतो. शेवटी शाफ्टला निळा रंग लावून फिरवायचा आणि जिथे डाग उमटेल तिथे खरवडायचं. या कामात घाई चालत नाही.

मग चाकांवरचं रबर. ते मध्यभागी किंचित फुगीर हवं, कारण ताणलेलं पातं फुगवट्याच्या माथ्याकडे सरकतं आणि तिथेच टिकतं. सपाट झालेलं रबर पुन्हा घासून फुगीर करावं लागतं.