भटनागर पुरस्कार : पंचेचाळिशीच्या आतली पावती

शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार हा भारतात वैज्ञानिक आणि अभियांत्रिकी संशोधनासाठी दिला जाणारा अत्यंत मानाचा पुरस्कार. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीएसआयआरने, तो १९५७ मध्ये सुरू केला आणि १९५८ मध्ये पहिल्यांदा दिला. जीवशास्त्र, रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, वैद्यक, अभियांत्रिकी आणि भूविज्ञान-वातावरण-सागर-ग्रहविज्ञान अशा सात शाखा त्यात ठरत गेल्या. एका शाखेत वर्षाला जास्तीत जास्त दोघांना पुरस्कार, मानपत्र, स्मृतिचिन्ह आणि अलीकडच्या काळात रोख पाच लाख रुपये, असे त्याचे स्वरूप होते. मात्र या पुरस्काराचे खरे वेगळेपण रकमेत नव्हते, ते दोन अटींत होते. संशोधकाचे वय पंचेचाळीसच्या आत हवे आणि विचारात घेतले जाणारे काम मुख्यतः भारतात, गेल्या पाच वर्षांत झालेले हवे.

मानसन्मान एरवी उतारवयात चालून येतात. तोवर प्रयोगशाळेतले काम बहुधा विद्यार्थ्यांच्या हाती गेलेले असते आणि शाल-श्रीफळाने संशोधनात काही भर पडत नाही. पस्तिशी-चाळिशीतल्या माणसाला मिळालेल्या पावतीचे तसे नसते. तिच्या जोरावर त्याला नवे प्रकल्प, चांगले विद्यार्थी आणि अवघड प्रश्न हाती घेण्याची उमेद मिळू शकते. पुढच्या वीस वर्षांच्या कामाचा पाया तिथे घातला जातो. भटनागर पुरस्काराचे मोठेपण या वेळ साधण्यात आहे.

ज्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो ते शांतिस्वरूप भटनागर २१ फेब्रुवारी १८९४ रोजी पंजाबातील भेरा या गावी जन्मले. हे गाव आता पाकिस्तानात आहे. ते काही महिन्यांचे असतानाच वडील वारले आणि ते आजोळी वाढले. आजोबा इंजिनिअर होते. लाहोरला शिक्षण झाल्यावर भटनागर लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९२१ मध्ये डॉक्टरेट घेऊन परतले. काही वर्षे बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्र शिकवले. त्या विद्यापीठाचे कुलगीतही त्यांनीच लिहिले. पुढे ते लाहोरच्या पंजाब विद्यापीठात गेले आणि त्यांचे उत्तम संशोधन तिथेच झाले.

लाहोरच्या काळातले एक काम जरा जवळून पाहण्याजोगे आहे. रावळपिंडीजवळ अटक ऑइल कंपनी तेलविहिरी खोदत होती. खोदताना छिद्रात पातळ चिखल सोडला जातो. तो फाळ थंड ठेवतो आणि फुटलेला खडक वर आणतो. अटकच्या विहिरींत हा चिखल खाऱ्या पाण्याला लागला की घट्ट होऊन बसे आणि खोदाई ठप्प होई. कंपनीशी संबंधित स्टील ब्रदर्सने प्रश्न भटनागरांपुढे ठेवला. प्रश्न यंत्राचा नसून कलिलांचा आहे, हे त्यांनी ओळखले. चिखलातले मातीचे अतिसूक्ष्म कण पाण्यात तरंगत राहतात, पण मीठ मिसळले की एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे होतात. भटनागरांनी चिखलात एक भारतीय डिंक मिसळला. त्याने चिखलाचा दाटपणा उतरला आणि मिठाला तोंड देण्याची त्याची ताकद वाढली. बाजारात सहज मिळणाऱ्या पदार्थाने खोदाई पुन्हा सुरू झाली. कंपनीने खूश होऊन दीड लाख रुपये देऊ केले. त्या काळात ही रक्कम प्रचंड होती. भटनागरांनी ती स्वतः न घेता विद्यापीठाला द्यायला लावली आणि त्यातून पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला.

त्याच सुमारास, १९२८ मध्ये, त्यांनी के. एन. माथुर यांच्यासह पदार्थांचे चुंबकीय गुणधर्म मोजणारा एक तराजू तयार केला. चुंबकाच्या क्षेत्रात पदार्थ किंचित ओढला किंवा ढकलला जातो. ही हालचाल डोळ्यांना दिसणारी नसते. ती प्रकाशाच्या व्यतिकरण पट्ट्या किती सरकल्या यावरून मोजायची, अशी त्याची रचना होती. लंडनच्या ॲडम हिल्गर कंपनीने हे उपकरण बनवून बाजारात आणले. भारतीय प्रयोगशाळेत जन्मलेले उपकरण इंग्लंडमधल्या कारखान्यात तयार व्हावे, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सरकारला औद्योगिक संशोधनाची गरज भासली आणि २६ सप्टेंबर १९४२ रोजी सीएसआयआर स्थापन झाली. भटनागर तिचे पहिले प्रमुख. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंचा भक्कम पाठिंबा मिळाला आणि भटनागरांनी देशभर राष्ट्रीय प्रयोगशाळा उभारण्याचा सपाटा लावला. पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, उद्घाटन नेहरूंच्या हस्ते ३ जानेवारी १९५० रोजी झाले. १ जानेवारी १९५५ रोजी भटनागरांचे निधन झाले, तोवर अशा बारा प्रयोगशाळा उभ्या राहिल्या होत्या. त्यांच्या नावाचा पुरस्कार दोनच वर्षांत सुरू झाला आणि पुढे दरवर्षी परिषदेच्या स्थापनादिनी, २६ सप्टेंबरला, मानकऱ्यांची नावे जाहीर करण्याचा प्रघात पडला.

पहिला पुरस्कार मिळाला के. एस. कृष्णन यांना. रामन परिणामाच्या शोधात ते रामन यांचे सहकारी होते आणि नंतर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेचे पहिले संचालक झाले. तेव्हा ते साठीला टेकले होते; म्हणजे पंचेचाळिशीची अट सुरुवातीपासूनची नाही. पहिल्या काही वर्षांची यादी वाचताना स्वतंत्र भारताच्या विज्ञानाचा पाया कोणी घातला ते समजते : जी. एन. रामचंद्रन, विक्रम साराभाई, एम. एस. स्वामीनाथन, असीमा चॅटर्जी, सी. एन. आर. राव.

या पुरस्कारासाठी स्वतः अर्ज करता येत नसे. विद्यापीठांचे कुलगुरू, आयआयटींचे संचालक, विज्ञान अकादम्यांचे अध्यक्ष, आधीचे भटनागर मानकरी अशांनी नाव सुचवायचे आणि त्या त्या शाखेतल्या जाणकारांच्या समितीने पारखायचे, ही रीत. पुरस्काराला वजन आले ते यामुळे. संशोधकाच्या कामाची खरी किंमत त्याच वाटेने चालणाऱ्यांनाच कळते. आधीचे मानकरी नाव सुचवत असल्याने निवडीची जबाबदारीही पिढ्यानपिढ्या पुढे जात राहिली.

असा वारसा पाहायचा तर मुंबईतल्या माटुंग्याला जावे. तिथल्या यूडीसीटी या रासायनिक तंत्रज्ञानाच्या संस्थेत, म्हणजे आजच्या आयसीटीत, रंगरसायनांचे जाणकार के. वेंकटरामन यांच्या हाताखाली बा. द. टिळक तयार झाले. पुढे वेंकटरामन एनसीएलचे पहिले भारतीय संचालक झाले; त्यांच्यानंतर ती धुरा टिळकांकडे आली. टिळकांना १९६३ मध्ये रसायनशास्त्राचा भटनागर पुरस्कार मिळाला. मन मोहन शर्मा केंब्रिजहून परतून वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी यूडीसीटीत प्राध्यापक झाले. वायू द्रवात मिसळताना रासायनिक क्रिया किती वेगाने घडते, हा त्यांचा विषय; खत, रंग, औषधे बनवणाऱ्या कारखान्यांना रोज भिडणारा प्रश्न. १९७३ मध्ये त्यांना अभियांत्रिकीचा पुरस्कार मिळाला. त्यांचे विद्यार्थी रघुनाथ माशेलकर १९८२ चे मानकरी, दुसरे विद्यार्थी ज्येष्ठराज जोशी १९९१ चे. गोव्यातल्या माशेलात जन्मलेले आणि मुंबईत हालअपेष्टांत शिकलेले माशेलकर इंग्लंडमधली नोकरी सोडून १९७६ मध्ये एनसीएलला आले होते. १९९५ ते २००६ या काळात ते सीएसआयआरचे महासंचालक होते, म्हणजे ज्या संस्थेने त्यांना गौरवले तिचीच सूत्रे त्यांच्या हाती आली. एका संस्थेतून, गुरूकडून शिष्याकडे, इतके मानकरी यावेत हा योगायोग नव्हे. चांगला मार्गदर्शक, उद्योगाशी जिवंत संबंध आणि अवघड प्रश्न निवडण्याची सवय जिथे टिकते, तिथेच असे घडते.

महिलांच्या बाबतीत मात्र या पुरस्काराचा इतिहास खटकणारा आहे. असीमा चॅटर्जी १९६१ मध्ये पहिल्या महिला मानकरी ठरल्या. गणितात पहिले नाव आले १९८७ मध्ये, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील रमण परिमला यांचे. भौतिकशास्त्रात तर पुरस्कार सुरू झाल्यापासून साठ वर्षे वाट पाहावी लागली. २०१८ मध्ये पुंजमाहितीवर काम करणाऱ्या अदिती सेन डे पहिल्या ठरल्या. त्याच टाटा संस्थेतील मेंदूच्या अभ्यासक शुभा टोळे यांना २०१० मध्ये, विदिता वैद्य यांना २०१५ मध्ये आणि झारिस्की या गणितज्ञाचा एक जुना प्रश्न सोडवणाऱ्या कोलकात्याच्या नीना गुप्ता यांना २०१९ मध्ये पुरस्कार मिळाला. पाचशेहून अधिक मानकऱ्यांत महिलांचा वाटा तरीही अगदी थोडा. जी वयाची अट या पुरस्काराचे बळ आहे, तीच इथे आड येते. बाळंतपण आणि घरची जबाबदारी ज्या वर्षांत पडते, नेमक्या त्याच वर्षांतले काम मोजले जाते. त्या वर्षांची सूट देणे अवघड नव्हते आणि ती द्यायलाच हवी होती.

२०२२ मध्ये २६ सप्टेंबरला नेहमीप्रमाणे नावे जाहीर झाली नाहीत. केंद्र सरकारने विज्ञान खात्यांचे अनेक पुरस्कार बंद करून मोजकेच ठेवण्याचे ठरवले होते. २०२२ च्या बारा मानकऱ्यांची नावे वर्षभराने, सप्टेंबर २०२३ मध्ये आली. त्याच महिन्यात राष्ट्रीय विज्ञान पुरस्काराची घोषणा झाली. त्याचे चार भाग आहेत : आयुष्यभराच्या कामासाठी विज्ञान रत्न, विशेष कामगिरीसाठी विज्ञान श्री, पंचेचाळिशीच्या आतल्यांसाठी विज्ञान युवा आणि गटाने केलेल्या कामासाठी विज्ञान टीम. भटनागरांचे नाव विज्ञान युवाला जोडलेले राहिले. या नव्या पुरस्कारांत पदक आणि सनद मिळते. शाखाही सातांवरून तेरा झाल्या.

पहिले तेहतीस पुरस्कार २२ ऑगस्ट २०२४ रोजी राष्ट्रपती भवनात दिले गेले. जैवरसायनशास्त्रज्ञ जी. पद्मनाभन विज्ञान रत्न झाले, अठरा तरुण संशोधकांना विज्ञान युवा मिळाला आणि चांद्रयान-३ च्या गटाला विज्ञान टीम. गटाला पुरस्कार ही जुन्या पद्धतीतली उणीव भरून काढणारी सुधारणा आहे. आजची मोठी कामे शेकडो हातांनी होतात. त्यांतले एक नाव उचलणे खरे नव्हे आणि न्यायाचेही नव्हे. नव्या पद्धतीच्या निवडप्रक्रियेबद्दल मात्र लगेच प्रश्न उभे राहिले. जाणकारांच्या समितीने निवडलेली नावे अखेरच्या यादीत जशीच्या तशी आली का, असे काही जुन्या भटनागर मानकऱ्यांनी पत्र लिहून सरकारला विचारले. प्रश्न रास्त होता. सहकाऱ्यांच्या निर्भेळ पारखीवरच या पुरस्काराची सगळी पत उभी आहे.

२०२५ चा विज्ञान रत्न खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांना मरणोत्तर जाहीर झाला. त्याच वर्षी २० मे रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले होते. भौतिकशास्त्राचा भटनागर पुरस्कार त्यांना १९७८ मध्येच मिळाला होता. तेव्हा ते चाळिशीला पोचले होते, केंब्रिजहून परतून टाटा संस्थेत काम करत होते आणि पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहायला अजून दहा वर्षे होती.