बीडचे सायकल रस्ते: आधी गावाला विचारूया!

२०११च्या जनगणनेत ‘कामावर कसं जाता?’ हा प्रश्न होता, पण शेतकरी, शेतमजूर आणि विद्यार्थ्यांना तो विचारलाच नव्हता. म्हणजे शाळेची आणि शेताची सायकल मोजलीच गेली नाही! पुण्याचा सायकल आराखडा २०१७मध्ये मंजूर झाला, त्याआधी नागरिकांची मतं घेतली होती. आपणही विचारूया:

🚲 शाळा किती लांब?
🚲 राष्ट्रीय महामार्ग ५२ कुठे ओलांडता?
🚲 गाळप हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमुळे रस्ता कुठे अरुंद होतो?
🚲 साइडपट्टी कुठे खचलीय?

सर्वेक्षण जून-जुलैत करावं. दिवाळीनंतर ऊसतोड कुटुंबं गावात नसतात. आणि शाळकरी मुलींना सर्वांत आधी विचारावं. रस्त्यातला प्रत्येक धोका त्यांना पाठ असतो.

तुमच्या गावातलं धोक्याचं वळण कोणतं? नक्की सांगा.