लाईट आली, सर्व्हिस उठली नाही

१६ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळ रत्नागिरीच्या किनाऱ्याजवळून उत्तरेकडे सरकलं. ऐन हंगामात झाडावरचा हापूस गळून पडला, झाडं तारांवर कोसळली, गावं अंधारात गेली. वादळ नसतानाही पावससारख्या गावाला पावसाळ्यात लाईटचं जाणं-येणं नवं नाही. लाईट आली की माणसं निश्चिंत होतात. संगणकाची कसोटी मात्र तेव्हाच सुरू होते.

समजा, पावसच्या एका आंबाबागेत तापमान आणि दमटपणा नोंदवणारा ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा संगणक आहे. भुरी, तुडतुडे यांच्यावरची फवारणी कधी करायची, याचा अंदाज बागायतदार या नोंदींवरून बांधतो. पायवर लिनक्स चालतं आणि आकडे इंटरनेटवरून दूरच्या सर्व्हरकडे पाठवणारा छोटा प्रोग्रॅम ‘सर्व्हिस’ म्हणून आपोआप सुरू होतो. निदान व्हायला हवा. एका संध्याकाळी लाईट जाते, तासाभराने येते आणि आकडे थांबतात. मुलगा येऊन तोच प्रोग्रॅम हाताने चालवतो, तर तो बिनतक्रार चालतो! मग बिघाड कुठे आहे?

अशा वेळी प्रोग्रॅम उसवत बसण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा: यंत्र जागं होताना असं काय असतं, जे हाताने चालवताना नसतं?

पहिला फरक क्रमाचा. १९७९च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये यंत्र सुरू होतानाची कामं ‘आरसी’ नावाच्या एका फाइलमध्ये ओळीने लिहिलेली असत. पुढे ‘सिस्टिम फाइव्ह’ युनिक्सने प्रत्येक सर्व्हिसला वेगळी स्क्रिप्ट दिली आणि नावातल्या आकड्यांवरून क्रम ठरवला. लिनक्सवर सर्व्हिसेस सुरू करणाऱ्या, २०१०मध्ये आलेल्या सिस्टिमडीने ही रांग मोडली. ज्या सर्व्हिसेस एकमेकींवर अवलंबून नाहीत, त्या एकदमच उठतात. शेतीपंपांना ‘ऑटो’ लावल्यावर काय होतं, ते गावाला ठाऊक आहे: लाईट येताच सगळे पंप एकाच क्षणी ओढ घेतात आणि रोहित्रावर ताण येतो, म्हणून महावितरण ऑटो काढायला सांगतं. संगणकात रोहित्र जळत नाही, पण कोण कोणाआधी हे स्पष्ट लिहिलं नसेल तर गोंधळ होतो.

बागेतल्या पायचं बघू. तो अर्ध्या-पाऊण मिनिटात उठतो. घरातल्या राउटरला आणि फायबरच्या डब्याला मात्र दोन-तीन मिनिटं लागू शकतात. प्रोग्रॅम सर्व्हरला हाक मारतो, उत्तर येत नाही, तो बंद पडतो. ‘बंद पडला तर पुन्हा सुरू कर’ अशी सूचना सर्व्हिसच्या फाइलमध्ये असते, म्हणून सिस्टिमडी त्याला पुन्हा उठवतं. पण दोन प्रयत्नांमधली विश्रांती, वेगळं काही सांगितलं नसेल तर, सेकंदाचा फक्त दहावा भाग असते, आणि दहा सेकंदांत पाच प्रयत्न फसले की सिस्टिमडी नाद सोडतं. म्हणजे राउटरचे दिवे लुकलुकत असतानाच पाचही संधी संपतात. ‘जर्नलसीटीएल’ने नोंदवही उघडली की ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ ही ओळ तिथे स्पष्ट दिसते.

उपाय दोन ओळींचा आहे. ‘रीस्टार्टसेक’, म्हणजे दोन प्रयत्नांमधली विश्रांती, तीस सेकंद करायचा आणि प्रयत्नांची मर्यादा काढायची. ‘नेटवर्क-ऑनलाइन’ची वाट पाहायला सांगणं चांगलं, पण पुरेसं नाही, कारण राउटरशी जोडणी झाली म्हणजे बाहेरचं इंटरनेट आलंच असं नसतं.

दुसरा दोष अधिक फसवा आहे. रास्पबेरी पायच्या चौथ्या पिढीपर्यंत बॅटरीवर चालणारं घड्याळ बोर्डवर नव्हतं. लाईट गेली की वेळ तिथेच थांबते आणि इंटरनेटवरून खरी वेळ मिळेपर्यंत जुनीच राहते. त्या मधल्या काळातल्या तापमानावर चुकीची वेळ पडते. वीज काही दिवस गेली असेल आणि सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याच दिवसांत नवं झालं असेल, तर पायला ते ‘अजून लागू न झालेलं’ वाटतं आणि तो जोडणीच नाकारतो.

किरकोळ कारणंही असतात. विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टमध्ये ओळीच्या शेवटी एक अदृश्य चिन्ह राहतं आणि सिस्टिमडी २०३ क्रमांकाची चूक दाखवून थांबतं. पोस्टग्रेस हा डेटाबेस आपला प्रक्रिया-क्रमांक डेटाच्याच फोल्डरमध्ये लिहून ठेवतो. वीज अचानक गेली की ती फाइल मागे उरते, आणि योगायोगाने तोच क्रमांक दुसऱ्या प्रक्रियेला मिळाला तर डेटाबेस सुरू व्हायला नकार देऊ शकतो.

दुरुस्ती तपासायला बरेच जण फक्त पाय रीस्टार्ट करतात. पण तेव्हा राउटर चालू असतो, घड्याळही जवळपास बरोबर असतं, त्यामुळे दोष समोर येतच नाही. खरी तालीम मृगाआधी, एखाद्या मोकळ्या दुपारी करायची: पाय नीट बंद करायचा, मग घराचा मेन स्विच पाडायचा, तासभर थांबायचं, स्विच वर करायचा आणि कशालाही हात न लावता आकड्यांची वाट पाहायची.